उजव्या पानावरची कारणं

जमिनीवरून घरी जायचा रस्ता पाच सीमा ओलांडत होता. मापटीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिसऱ्या सीमेवरची कचेरी दुपारी किती वाजता बंद होते, चौथ्या देशातली बस कुठे उभी राहते आणि पारपत्राच्या फोटोमागचा पडदा कुठे पांढरा लागतो, कुठे निळा, हे तिने धडाधड सांगितलं असतं. तेरा दिवसांचा प्रवास होता. दोन वर्षं ती तो आखत होती.

मापटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू पट्टीने मोजत सुटायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. पुढे पोटापाण्याचा उद्योगही तोच निघाला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत ती तापमापकं आणि वजनं तपासायची. वजन बोटांनी उचलायचं नाही, चिमट्याने. कारण बोटांचा घामसुद्धा काट्याला कळतो. नोंदवहीचा नियम तर त्याहून कडक. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि त्यात खोटं लिहायचं नाही. अकरा वर्षांत हा नियम तिच्या हाडीमांसी इतका खिळला होता की प्रवासाची वही केली तीही तशीच. डाव्या पानावर रस्ता, उजव्या पानावर बदल आणि कारणं.

विमानाने घर साडेसात तासांवर होतं. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या कानाच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सहा महिने विमान बंद केलं. तेव्हा बाबाच फोनवर म्हणाले होते की मग जमिनीवरून ये, माणसं येत नाहीत काय. बाबांनी सारा जन्म बसच्या आगारात वेळापत्रकं बनवली होती. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, डोळ्यांना एकाच्या दोन ओळी दिसायला लागल्या, तरी डोक्यातलं वेळापत्रक शाबूत होतं. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मापटी डाव्या पानाचा फोटो पाठवायची, वहिनी तो बाबांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि फोन मध्ये ठेवून तिघं रस्ता धरायची. बाबांनी देशांना नावंही पाडली होती. एक डोंगरवाला, एक वाळूवाला, आणि जिथे परवान्यासाठी नऊ कागद लागायचे तो कागदवाला. दोन गाड्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं ठेवली की ते खवळायचे. सीमेवर चाळीस मिनिटांत शिक्कासुद्धा वाळत नाही, म्हणायचे. वहिनी सांगायची की रविवारी ते न सांगता दाढी करून घेतात.

सहा महिने झाले. डॉक्टरांनी कान तपासला आणि हसून सांगितलं, आता खुशाल उडा. मापटीने घरी हे कळवलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. तो रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला, आणि मग सांगायची सोयच उरली नाही.

असं का, हे तिला नीट ठाऊक होतं. बाबा आजारी पडले तेव्हा, कानाच्या आधी, ती विमानाने धावत गेली होती. तिसऱ्या दुपारी वहिनी औषधं आणायला बाहेर पडली आणि घरात दोघंच उरली. बाबांनी अंथरुणात घाण केली. त्यांनी हाक मारली. ती खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथून वळली, स्वयंपाकघरात शिरली आणि दार लोटून उभी राहिली. बाबा हाका मारत होते. आधी मोठ्याने, मग हळू, मग मारेनासे झाले. भिंतीवर घड्याळ होतं. एकोणचाळीस मिनिटं झाली. वहिनी आली, तिने सगळं उरकलं आणि चकार शब्द काढला नाही. मापटीला विचारलंच कुठे कोणी! पण चारचौघांत कोणी कान उपटले असते तर बरं, असं तिला तेव्हापासून वाटत होतं.

त्या घराचा सगळा भार वहिनीवर होता. दादा जहाजावर, चार महिने समुद्रात, एक महिना घरी. वहिनीच्या हातात कला होती. ती कवळ्या बनवायची. दाताचे डॉक्टर साचे द्यायचे आणि ती मेणावर एकेक दात असा बसवायची की म्हाताऱ्यांना आपलेच परत आल्यासारखे वाटायचे. बाबांच्या आजारपणात तिने काम सोडलं. मापटी आली की वर्षभर घर सांभाळेल आणि वहिनी कामावर जाईल, असं ठरलं होतं. दाताच्या डॉक्टरांनी तिची जागा दोनदा राखून ठेवली. तारीख दोनदा पुढे गेली. आता तिसऱ्यांदा राखली होती, येत्या एक तारखेपर्यंत. पुढे नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आणि त्या रविवारी मापटीने, घाईत म्हणा की दोन वर्षांच्या थकव्याने म्हणा, वही उघडी ठेवून दोन्ही पानांचा फोटो पाठवला.

वहिनी नेहमीसारखी वाचायला लागली. पहिला दिवस, दुसरा दिवस, वाळूवाल्या देशातली पहाटेची गाडी. मध्येच ती थांबली. मापटीने फोन कानापासून दूर धरून पाठवलेला फोटो उघडला आणि आपण काय पाठवलंय ते तिला दिसलं. उजव्या पानावर निघायची तारीख सात वेळा लिहिलेली, सात वेळा एका सरळ रेघेने खोडलेली, आणि शेजारी तिच्या छापल्यासारख्या अक्षरांत कारणं. कान. कान. कान बरा, घरी कळवलं नाही. परवाना मिळाला, गेले नाही. बाबांचं करायला लागेल. बाबांचं करायला लागेल. वहिनीला तोंड दाखवता येत नाही.

“पुढे?” बाबा म्हणाले.

“पुढे सातव्या दिवशी,” वहिनी सावकाश म्हणाली, “सकाळची गाडी धरायची. दुपारी उतरायचं. मुक्काम.”

वहीत असं काही नव्हतं. सातव्या दिवशी नुसती रात्रीची बस होती. वहिनीची नजर उजव्या पानावरून हलत नसावी. बाबांनी विचारलं की कुठल्या स्टेशनावर, आणि वहिनीने सांगितलं की अक्षर नीट लागत नाही. मापटीचं अक्षर कुणाला लागलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. वहिनी आणखी सहा दिवस मनाने रचत गेली, एक नदी घातली, एक गाडी उशिरा आणली, आणि बाबा त्यात दुरुस्त्या सुचवत राहिले. मापटी ऐकत होती. आपल्यासाठी कोणी खोटं बोलत असताना माणसाने कुठे बघायचं असतं, ते तिला कळेना. ती स्वतःच्या नखांकडे बघत राहिली.

दुपारी बाबा झोपल्यावर वहिनीचा फोन आला. मापटीने तो लगेच उचलला. आता न उचलण्याइतकंही तोंड उरलं नव्हतं.

“दीड वर्ष?” वहिनीने विचारलं.

“एक वर्ष आणि सात महिने,” मापटी म्हणाली.

वहिनी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “मापटीच तू. खोटंसुद्धा मोजून.”

मग मापटीने ती दुपार सांगितली. स्वयंपाकघर, लोटलेलं दार, घड्याळ.   शेवटी मापटी म्हणाली की तुला जमतं, मला ते जमत नाही.

“मला जमतं असं तुला कुणी सांगितलं?” वहिनी म्हणाली. “मला रोज किळस येते. रोज. करून झालं की मागच्या दारात जाऊन उभी राहते, मोकळा वारा घेते, मग जेवते. तू तिकडे बसून ठरवलंस की मी वेगळ्या मातीची आहे. सोयीचं होतं ना ते तुला?”



“कवळ्या बनवायला मी परत जाणार आहे,” वहिनीच पुढे म्हणाली. “एक तारखेला. तू भेटायला येणार असशील तर येऊच नको. राहायला येणार असशील तर विमानाने ये. आणि बाबांना तूच सांगायचं. आज एकदा खोटं वाचलं मी, परत वाचणार नाही.”

संध्याकाळी मापटीने बाबांना सांगितलं. आधी कानाचं, मग तारखांचं. दाराचं काही तिच्या तोंडून बाहेर पडेना. 

“म्हणजे ते सगळं खोटंच?” बाबांनी विचारलं.

“रस्ता खरा आहे, बाबा. एकेक गाडी खरी आहे. तपासून घेतलेली.”

“गाड्या खऱ्याच असतात,” बाबा म्हणाले. “त्यात बसणारं माणूस लागतं.” आणि त्यांनी वहिनीला फोन ठेवायला सांगितलं.

प्रयोगशाळेने एक वर्षाची बिनपगारी रजा दिली. तीस तारखेला मापटी विमानाने घरी पोचली. साडेसात तासांत कान जराही दुखला नाही. दुखला असता तर तेवढाच आधार झाला असता. बाबांनी प्रवास कसा झाला ते विचारलं नाही. भिंतीवर त्या तेरा दिवसांच्या रस्त्याचा नकाशा टाचलेला होता, बाबा त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

एक तारखेला वहिनी साडेआठला निघाली. औषधांच्या वेळा सांगितल्या, चादरी कुठल्या फळीवर आहेत ते दाखवलं आणि मागे वळून न पाहता गेली. मापटीने बाबांना चहा दिला. तिने जवळ बसून पेपर वाचला, बाबांनी डोळे मिटून ऐकला. दहाच्या सुमारास तिला वास आला. वाचता वाचता ती थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “कधीपासून?”

बाबांनी डोळे उघडले नाहीत. “नऊपासून.”

“हाक का नाही मारलीत?”

 डाव्या हाताने त्यांनी पांघरुणाची कड घट्ट धरली होती, आणि दिवसभर, वहिनी येईपर्यंत, ते ती तशीच धरून ठेवणार होते हे मापटीला त्या बोटांवरून दिसलं. तिचे पाय, तिने न सांगताच, दाराकडे वळायला लागले. ती दारापर्यंत गेलीही. तिथे तिने चौकट धरली.

“त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते,” ती तिथूनच म्हणाली. “तुमची प्रत्येक हाक मला ऐकू येत होती.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “दाराच्या फटीतून तुझे पाय दिसत होते.”

मापटीने गरम पाणी आणलं, चादरी आणल्या, आणि त्यांची मूठ एकेक बोट करून सोडवली. काम तिला मुळीच नीट जमलं नाही. पाणी जमिनीवर सांडलं, कूस वळवताना बाबांचा लुळा हात खाली अडकला, ते कण्हले, तिने माफी मागितली. दोनदा तिला उमासा आला आणि तो त्यांनी ऐकला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. अर्धं झाल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आधी डावी बाजू कर. सूनबाई आधी डावी करते.”

“बरं,” मापटी म्हणाली, आणि डावीकडे गेली.