अर्धी झडती

कारभारी रस्त्यात पटका सावरायला जरी थांबला, तरी मागून कुणीतरी ओरडायचं, "हर हर महादेव!" आणि पारावर बसलेली सगळी मंडळी खिदळायची. वर्षभर हेच चाललं होतं. गावाला दुसरा उद्योग नव्हता असं नाही. पेरण्या होत्या, निंदण होतं, कपाशी वेचायची होती. पण एखाद्याच्या फजितीवर जगायची गावाला फार हौस असते, आणि ती कधी भागत नाही.

झालं होतं असं. पोळ्याच्या दिवशी उन्हं कलली की गावातले बैल सजून आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, येतात आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभे राहतात. मग झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे जुळवून म्हटलेल्या चार-सहा ओळी. तिच्यात कुणाचीही टर उडवायची मुभा, सरपंचाचीसुद्धा, आणि त्या दिवशी कुणी रागवायचं नाही. झडती संपली की म्हणणाऱ्यानं महादेवाचा गजर करायचा. शेवटच्या झडतीचा गजर झाला, की तोरण तुटतं आणि बैल घराकडं सुटतात.

ती शेवटची झडती कारभारीच्या घरची. आज्यानं म्हटली, बापानं म्हटली, बाप गेल्यावर कारभारी म्हणू लागला. आज्या-बापाला पाठ होत्या त्याच त्या चार झडत्या ते आलटूनपालटून म्हणायचे. कारभारीचं तसं नव्हतं. तो दरवर्षी नवी जुळवायचा. औत हाकताना जुळवायचा, जेवताना जुळवायचा, जुळली नाही की ताटावरून उठायचा.

गेल्या पोळ्याला तो अर्ध्यावर आला आणि आपल्याच ओळींबद्दल त्याच्या मनात एकाएकी आलं, 'हे बरं आहे का?' एवढंच. तोंड उघडं राहिलं आणि पुढची ओळ कुठं गेली कळलं नाही. तोरणाचा दोर धरून पंजाबराव उभा होता. पंजाबराव म्हणजे गावातला दुसरा झडतीवाला, घागरीतून बोलावं तसा घुमणारा आवाज, आणि त्या आवाजाचा मनस्वी गर्व. त्यानं एक श्वासही वाट पाहिली नाही. "हर हर महादेव!" अशी आरोळी ठोकली, दोराला हिसका दिला, आणि शंभर बैल कारभारीच्या दोन्ही बाजूंनी उधळत निघून गेले. तो तिथंच धुळीत उभा. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं अर्धी झडती.

आता पुन्हा पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, त्या खांदमळणीच्या आधी सरपंच भगवानराव त्याच्या दारात आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्यांना कामं उरकायची घाई.

"कारभारी, यंदा शेवटची पंजाबराव म्हनन म्हनतो. तुले काई तरास नाई. मात्र एकदा त्याच्याकडं गेली का मंग ती त्याच्याच घरात राहीन, हे आधीच सांगतो."

"मले इचार करू द्या," कारभारी म्हणाला.

"कर. पन आखरावर तू उभा नाई राह्यला तं मी समजून घेईन."

ते गेले आणि कारभारी गोठ्यात जाऊन बसला. विचार करायचा म्हणजे काय करायचं, हे त्याला वर्षभर उमगलं नव्हतं. वडनेर भोलजीच्या शाळेतल्या वामनराव गुरुजींनी त्याला एक उपाय सांगितला होता. रोज सकाळी मोठ्यानं म्हणायचं, 'माझ्यासारखा झडतीवाला पंचक्रोशीत नाही.' गुरुजींनी ते कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं होतं आणि मनापासून सांगितलं होतं. कारभारीही मनापासून म्हणायचा. शेतात, बांधावर उभा राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून. सरज्या आणि हौशा, त्याचे दोन बैल, मान वळवून त्याच्याकडं बघायचे, मग पुन्हा खाली तोंड घालून चरायला लागायचे. आणि कारभारीच्या पोटातला तो मेला प्रश्न जिथल्या तिथंच बसलेला असायचा. 'हे बरं आहे का?'

त्या दिवशी गोठ्यातही त्यानं तेच म्हटलं. त्याची बायको गोजरबाई शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काऊन खोटं बोलून राह्यले?" ती म्हणाली.

कारभारी दचकला. "गुरुजीनं सांगतलं. असं म्हनलं का मनातली भीती जाते."

"गेली का?"

"नाई."

"कशी जाईन? पंजाबरावचा आवाज तुमच्याहून बरा हाय, हे तुमाले मालूम, मले मालूम, या सरज्याले मालूम. मंग कोनाले फसवता?" तिनं पाटी खाली ठेवली. "पन त्यानं कधी एक ओळ सोता जुळवली का? बापाच्या झडत्या म्हनतो, दरसाल त्याच. तुमी नवी जुळवता म्हून तुमाले भ्या वाटते. त्याले काऊन वाटन?"

"आखरावर पुन्हा तसंच झालं तं?"

"होईन ना."

बायकोनं धीर द्यावा, अशी त्याची अपेक्षा होती. ही तर सरळ 'होईन' म्हणत होती.

"गाडी हाकताना हौशा बुजते का नाई? दर बाजाराले त्या पुलावर बुजते. मंग तुमी कासरा सोडून देता का? म्हनता का, हा बुजनारा बैल हाय, आता मी बाजारालेच जात नाई?" तिनं पुन्हा पाटी उचलली. "बुजू द्या. कासरा सोडू नका. आन् गावाले काय भेता? वर्षभर हासून झालं त्याइचं, अजून किती हासतीन?"

कारभारीला राग आला. तिचा नाही. स्वतःचा आला, गावाचा आला, पंजाबरावाच्या त्या घागरीसारख्या आवाजाचा आला. आणि राग आल्यावर त्याला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं. पोटात प्रश्न बसलाय तर बसू दे. तोंड आपलं आहे, त्याच्या बापाचं नाही.

पोळ्याच्या दिवशी त्यानं बैलांना धुतलं, शिंगं रंगवली, बेगड लावली, झुली घातल्या आणि आखरावर नेऊन उभं केलं. भगवानरावांनी त्याला पाहिलं आणि भुवया उंचावल्या. पंजाबराव दोर धरून उभाच होता. त्यानं आपली झडती आधी म्हणून टाकली, वडिलोपार्जित, घुमवून घुमवून. लोकांनी गजराला साथ दिली, कारण देतातच. मग भगवानराव म्हणाले, "शेवटची कोन म्हनते?"

"शेवटची माझी हाय," कारभारी म्हणाला आणि तोरणाखाली आला.

"अर्धीच आइकू मंग!" कुणीतरी मागून म्हणालं आणि हशा उठला. कारभारीचे कान तापले. त्यानं सुरुवात केली.

"विजेचे खांब आले, गाडीवर बसून,
सरपंच फोटो काढे, खांबाले टेकून हासून!"

लोक भगवानरावांकडं बघून हसले. खांब उन्हाळ्यातच वेशीपासून मळ्यापर्यंत गाडले होते. फोटोही काढला होता. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली, आता वीज आलीच, असं भाषणही झालं होतं. तारेचा मात्र अजून पत्ता नव्हता.

"तार काई आली नाई, दिवा काई लागला नाई,
खांबावरचा कावळा म्हने..."

आणि तो प्रश्न आला. नेमका तिथंच, गेल्या वर्षीसारखा. 'हे बरं आहे का?'

कारभारी थांबला. एका बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली. पंजाबरावानं दोर हाताला गुंडाळला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. "हर..."

"थांब बे!" कारभारी ओरडला.

त्याचा आवाज चिरका निघाला, पण निघाला. त्यानं हात वर केला होता. "माझी झाली नाई अजून. माझी झडती हाय, गजर मी करीन. तोरनाले हात लावशीन तं पाह्य!"

पंजाबरावाचं तोंड उघडंच राहिलं. लोकांना हसावं की नाही ते कळेना. प्रश्न अजून कारभारीच्या पोटात होता, हलला नव्हता. कारभारीनं त्याला मनातल्या मनात सांगितलं, बरं नसेल तर पुढच्या पोळ्याला बरं करू. आत्ता तू गुमान इथंच उभा राहा.

तेवढ्यात आखरासमोरच्या ओट्यावरून सत्यभामाबाईचा आवाज आला. ती गावची सुईण. तिथं उभ्या असलेल्या निम्म्या गड्यांना तिनंच जगात आणलं होतं, त्यामुळं ती कुणालाही काहीही म्हणू शकायची.

"अरे मेल्या, पन कावळा काय म्हने ते तं सांग!"

"हाव ना, काय म्हने?" दुसरा कुणीतरी बोलला. मग तिसरा. बघता बघता सगळा आखर विचारू लागला, कावळा काय म्हणाला? वर्षभर ज्यांनी त्याला अर्धी झडती म्हणून हिणवलं, त्यांना आता उरलेली अर्धी पाहिजे होती, आणि ती एकट्या कारभारीपाशी होती.

कारभारीनं घाई केली नाही. त्यानं डोक्यावरचा पटका सोडला. चांगला पूर्ण सोडला. झटकला, आणि एकेक पेच नीट बसवत पुन्हा बांधायला घेतला. शंभर बैल ताटकळले, सरपंच ताटकळले, पंजाबराव दोर धरून ताटकळला. गावात एकाचीही गजर करायची छाती झाली नाही. शेवटचा पेच खोचून त्यानं मान वर केली. पुढच्या चार ओळी त्यानं जुळवलेल्या नव्हत्या. त्या तिथंच आल्या.

"अर्धी झडती, अर्धी झडती, गाव म्हने वर्षभर,
अर्धी होती पोटामंधी, आज काढतो तोंडावर!
खांबासारखा उभा हाव, तार नसन तरी चालन,
दिवा लागो का ना लागो, कारभारी आपलं बोलन!"

"आन् कावळा?" सत्यभामाबाईला दम निघेना.

"खांबावरचा कावळा म्हने, सरपंचाचं बरं होवो,
माह्या बसाले जागा केली, तार कधीच न येवो!"

पहिले हसले ते भगवानराव. त्यांना हसू आवरेना, डोळे पुसायची वेळ आली. मग सगळा आखर हसला, आणि या वेळी ते हसू कारभारीवर नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या हशाच्या वर आपला चिरका आवाज चढवून कारभारीनं गजर केला. गावानं असा प्रतिसाद दिला की बैल बिचकले. पंजाबरावाला दोर ओढावाच लागला. तोरण तुटलं.

घरी गोजरबाई पाण्याचा तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. गजर तिला इथवर ऐकू आला होता, पण कुणाचा ते कळलं नव्हतं. तिनं आधी सरज्याच्या खुरांवर पाणी घातलं, मग हौशाच्या. मग कारभारीकडं न बघताच विचारलं,

"पुरी झाली का?"

"झाली."

"बरी झाली का?"

कारभारीनं थोडा वेळ खरोखरच विचार केला.

"ते मले अजूनबी नाई समजलं," तो म्हणाला. "पुढच्या सालची सुरू केली येता येता. तिच्यात पाहू."

गोजरबाईनं तांब्यात उरलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं.