उंडीवरचा खुरीस

मी खुरीस बोलतोय. पुस्तकात मला क्रूस म्हणतात, पण आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर खुरीसच.

आधी मी वल्हं होतो. एकदा एका मुशी माशाने मला तोंडात धरून होडीसकट वेंगुर्ल्यापर्यंत ओढत नेलं. शपथ मात्र घेणार नाही. लोक माझीच घेतात.

१९५४ साली मी मोडलो. किनाऱ्यावर राहणाऱ्या इनासबायने माझे दोन तुकडे आडवे-उभे जोडून खुरीस केला आणि तो समुद्राकाठच्या उंडीच्या झाडाला काथ्याने बांधला. त्या उंडीच्या आडोशामुळेच तिच्या घरात वाळू शिरत नसे. होड्या बांधणारा गंगाराम लाकडासाठी कुऱ्हाड घेऊन आला, तो मला बघून थबकला.

"काय गो बाय, आता हेका कुराड लावची कशी?"

"लावू नको म्हणानच बांधलंय. देवान पयल्या माणसाक, आदांवाक, बाग राखूक दिलेली, तोडूक नाय."

गंगाराम हसला. जाताना हळूच मला म्हणाला, "हरवलेली म्हैस तेवढी गावू दे." म्हैस भूक लागल्यावर आपल्या पायांनी घरी आली. नाव माझं झालं.

काय दिवस होते ते! माझी पाठ उंडीच्या सालीला टेकलेली असायची. आतून वर चढणारी ओल मला कळायची. मेलेलं लाकूड मी, पुन्हा जिवंत झाडाला लागलो होतो.

मग पार बांद्याहून नवस येऊ लागले. काथ्या जाऊन खिळा आला. मेणबत्त्यांनी साल करपली. भाविकांनी बुंध्याला भिडवून सिमेंटचा चौथरा बांधला, आणि मुळांना पाणी मिळेना. उंडी पिवळी पडली.

"झाडाचा काय ता, खुरीस बरो आसा मा?" लोक म्हणायचे.

एका सकाळी इनासबाय पिकाव घेऊन आली.

"इनास, खुरसाक हात लावतंस?" लोक धावत आले.

"राखणेक ठेवलेलो तो. तुम्ही त्येच्याच नावान झाडाचो गळो आवळलास."

"मगे नवस खंय फेडूचे?"

"झाडाक घागरभर पाणी घाला. देवाक पोचता."

कोणी हलेना. शेवटी गंगारामनेच तिच्या हातातला पिकाव घेतला. चौथरा फुटला. खिळा निघाला, आणि त्याच्याबरोबर मीही.

आता मी इनासबायच्या घरी आल्तारावर, तिच्या देव्हाऱ्यात, असतो. खिडकी आहे, पण ती डोंगराकडची. इनासबाय किनाऱ्यावरून येते, पदराने मला पुसते, उंडीबद्दल काही बोलत नाही. मला विचारता येत नाही.

तुम्ही त्या वाटेने जाणार असाल, तर उंडीला पाणी घाला. मेणबत्ती नको, हातही जोडू नका. कुठे कोवळं पान दिसलं, तर मला येऊन सांगा.

आणि तिने माझी चौकशी केलीच, तर खुरीस मजेत आहे म्हणा.