खाचा नसलेली रिळं

हॉटेलच्या दरवानांचे आठही कोट दांडीवर टांगून झाले होते, तरी टेलरच्या जिवाला स्वस्थता नव्हती. गडद हिरवं कापड, खिशांवर आणि कॉलरच्या कडेने त्याच हिरव्या दोऱ्याची टीप. पाच वाजता हॉटेलच्या बाई कोट न्यायला येणार होत्या. हे आठ पसंत पडले तर वर्षभराचे गणवेश त्याच्याकडे. नाही पडले, तर कोपऱ्यावरचा दुसरा टेलर टपलेलाच होता. त्याने बटणं ओढून पाहिली, अस्तर चाचपलं, बाह्या उलट्या करून शिवण पाहिली. सगळं चोख होतं. एकच गोष्ट त्याला तपासता येत नव्हती, आणि ती दुसऱ्या कुणाला विचारायची तर तीस वर्षांची झाकली मूठ उघडावी लागली असती.

टेलरला हिरवा आणि तपकिरी यांतला फरक कळत नव्हता. आता बोला! सोनाराला सोनं ओळखू येऊ नये, तशी ही गत. लहानपणी चित्रकलेच्या तासाला त्याने झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली, तेव्हा अख्खा वर्ग खिदळला होता. त्या दिवशी त्याने जे तोंड मिटलं ते मिटलंच. उस्तादाकडे काम शिकताना रिळांच्या जागा पाठ करून वेळ मारून नेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने आपणहून ब्लेड घेतलं आणि रिळांच्या कडांना खाचा पाडल्या, हिरव्याला एक, तपकिरीला दोन. तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. संसार त्या खाचांवर बिनबोभाट चालला.

पण सोमवारी बायको बहिणीच्या ऑपरेशनसाठी घाईघाईने परगावी गेली, आणि मंगळवारी जुनं हिरवं रीळ संपलं. तीन कोट झाले होते, पाच बाकी होते. नव्या पुडक्यात हिरवी आणि तपकिरी रिळं एकत्र आलेली, वर ना नाव ना खाच. मग त्याने मुलीला हाक मारली.

"ठकी, माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे. यातला कोटाला जुळणारा दोरा काढून दे बरं."

नववीतली पोर, हुशार, डोळे तेज. तिने रिळं एकेक करून कापडावर धरली आणि चार काढून दिली. "हा बघा, अगदी डिट्टो." त्याने पाहिलं. त्यालाही डिट्टोच दिसला. तरी पोरीने घाईत काहीतरी उचललं असलं तर, ही रुखरुख चार दिवस त्याला कुरतडत होती.

दुपारी दोनला ठकी शाळेतून आली. रोज दप्तर भिरकवायची, आज तिने ते हळूच ठेवलं. टेलरचा जीव आणखीच खालीवर झाला.

"जेवून घे."

"भूक नाही." ती मशीनपाशी येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हाला रंग नीट दिसतात ना?"

त्याच्या हातातली कात्री थांबली.

"म्हणजे काय? टेलर आहे मी! रंग दिसत नसते तर आजवर खाल्लं काय असतं आपण?"

हे उत्तर त्याने कितीतरी वर्षं तयार ठेवलेलं होतं, सटकन तोंडातून निघालं. पण ते ऐकून ठकीचा चेहरा उजळायच्या ऐवजी पार उतरला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि नखाने फरशी खरवडू लागली.

"अगं, झालं काय?"

"जीवशास्त्राच्या बाईंनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. प्रत्येकात एक आकडा लपलेला असतो. सगळ्यांना दिसला. मला नाही दिसला."

 टेलरची नजर आपसूक दांडीकडे गेली. पण ठकीचं संपलं नव्हतं.

"मग बाईंनी फळ्यावर समजावलं. गुणसूत्रांत मुलीकडे दोन एक्स असतात, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो. दोन्हींत असला, तरच मुलीला रंग कळत नाहीत. आणि बाबांकडे एक्स एकच असतो, त्याला सांभाळणारा कुणी नाही. म्हणजे मला दिसत नसेल, तर माझ्या बाबांनाही दिसत नसणार. मी म्हटलं, बाई, माझे बाबा टेलर आहेत, त्यांना सगळे रंग कळतात."

"मग?"

"मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, म्हणजे ते तुझे बाबा नाहीतच." तिचा आवाज चिरकला. "बाई रागावल्या त्याला. पण सगळे हसले. बाबा, मी तुमचीच आहे ना?"

 टेलरला स्वतःची लाज वाटली, खरोखर लाज वाटली. स्वतःवर कुणी हसू नये म्हणून त्याने जे दडवलं, त्यापायी आज पोर भर वर्गात बिनबापाची ठरली होती. तो स्टुलावरून उठून तिच्याशेजारी फरशीवर बसला. जुनं रिकामं रीळ खिशातच होतं, ते त्याने तिच्या तळहातावर ठेवलं.

"कडेला बोट फिरव. काय लागतंय?"

"खाच आहे."

"तुझ्या आईने पाडलीये. एक खाच म्हणजे हिरवा, दोन म्हणजे तपकिरी. मला दिसत नाही, ठके. कधीच दिसलं नाही. मघाशी खोटं बोललो मी. खाण तशी माती, तू माझीच आहेस."

ठकी आधी रडली, मग रडता रडता हसली. मग वहीत बघून म्हणाली, "पण अर्धं आईकडूनही आलंय. तिला स्वतःला दिसतं, तरी तिच्यात लपून आहे."

"तुझ्या आईचे बाबा एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसराच मोजा घालून हिंडायचे. आम्ही त्यांना विसरभोळे समजायचो," टेलर म्हणाला. बायको खाचा पाडायला कुठे शिकली, ते त्याला आज उमगलं.

तेवढ्यात ठकी ताडकन उभी राहिली.

"बाबा! मग तो दोरा?"

दोघंही दांडीकडे बघू लागली. आठही कोट सारखेच दिसत होते, दोघांनाही.  तिने निवडायचं, त्याने मान डोलवायची, आणि फरक दोघांनाही कळायचा नाही! बायकोला फोन लावला, तर बंद. आज ऑपरेशनचाच दिवस होता. घड्याळात अडीच वाजले होते.

समोर इस्त्रीवाला होता. माणूस लाखमोलाचा, पण त्याच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचायचं. टेलर दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी कोट खांद्यावर टाकून त्याने रस्ता ओलांडला. ठकी रिळं घेऊन मागोमाग.

इस्त्रीवाल्याने एकेक कोट उजेडात धरला. "हे तीन बरोबर. या पाचांना तपकिरी टीप मारलीये." मग त्याने मान तिरकी केली. "मुद्दाम का हो? नवी फॅशन आहे वाटतं?"

पळवाट आयती समोर आली होती. नुसतं हो म्हणायचं, की सुटला. टेलरने तोंड उघडलं, आणि ठकी आपल्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"फॅशन नाही," तो म्हणाला. "मला हिरवा-तपकिरी कळत नाही. जन्मापासून. हिलाही नाही. माझंच आलंय तिच्यात. जरा हिरवी रिळं वेगळी काढून द्या."

इस्त्रीवाला कधी नव्हे तो अवाक झाला. मग त्याने मुकाट्याने रिळं निवडली, आणि चुकायला नको म्हणून हिरव्यांना आपल्या सुतळीचा तुकडा बांधून दिला.

त्यानंतर दोघांनी मान वर केली नाही. ठकी उसवत होती, टेलर टीप मारत होता. उसवताना कापडाला टोक लागलं तर कोटच बाद, म्हणून तो दर मिनिटाला "सांभाळून" म्हणत होता आणि ती दर मिनिटाला "हो" म्हणत होती. पाच वाजता हॉटेलच्या बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा पाचवा कोट मशीनवरच होता. त्याच्या कॉलरला अजून अर्धी तपकिरी टीप होती.

"हे काय?" बाई वाकून म्हणाल्या. "तपकिरी दोरा? कोणी निवडला हा?"

 वर्षभराचं काम टेलरला हातातून जाताना दिसलं. तो उठणार, इतक्यात ठकी पुढे झाली.

"मी," ती म्हणाली. तिची मान ताठ होती, आवाजात लाज नव्हती. "माझी नजर बाबांवर गेलीये."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "तेवढं नीट करून द्या. मी थांबते."

पुढच्या कामाचं त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि टेलरला ते विचारायचं भानही राहिलं नाही. त्याने सुतळी बांधलेलं रीळ मशीनवर चढवलं. सुईत दोरा ओवायला गेला, तर समोरचं सगळं पाण्यात बुडालेलं. शेवटी ठकीनेच तो ओवून दिला.