खोबरेलात गोठलेला बार

पौषातली सकाळ चिखलदऱ्याच्या पठारावर आली ती दात आवळूनच. दरीभर धुकं, धुक्याच्या तळाशी निजलेलं अरण्य, गवतावर शुभ्र, निर्दय दहिवर. सूर्य उगवला होता खरा. पण त्याची ऊब कुणाच्याच पाठीला लागत नव्हती.

त्या हिमशीतल उजेडात फौजेतून निवृत्त झालेला दौलत शनवारे अंगणात उभा होता. हातात बंदूक. एक बार उडाला की रिकामं काडतूस फेकून दुसरं आपणहून आत ओढणारी, कृष्णवर्णी, देखणी बंदूक. खालच्या उतारावर म्हशींमागे त्याचा मेहुणा किसन. आणि किसनसमोर, पिल्लाला पाठीवर घेतलेली, पिसाळलेली अस्वलीण.

दौलतनं हवेत बार काढला. दरी थरारली. अस्वलीण दचकून मागे सरली, थबकली, पुन्हा वळली. दुसरा बार हवा होता. फक्त दुसरा बार.

तो आलाच नाही. बंदुकीतलं सरकतं लोखंड अर्ध्या वाटेवर रुतून बसलं. दौलत चाप ओढत राहिला, वेड्यासारखा ओढत राहिला. माणसं काठ्या घेऊन धावेपर्यंत किसनचा डावा डोळा गेला होता.

बंदूक उघडली, तर आत पांढरं, घट्ट, सुगंधी तेल. खंडेनवमीला दौलतच्या बायकोनं, गोकर्णानं, शस्त्राला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि लेकराला माखावं तशा मायेनं बंदूक आतपर्यंत माखली होती.

"कायचं तेल लावलं वं?" दौलत साऱ्या वस्तीदेखत ओरडला.

"खोबऱ्याचं. डोक्याले लावतो थेच."

वस्तीनं निकाल दिला: सख्ख्या बहिणीनंच भावाचा डोळा खाल्ला. आणि दौलतनं तो निकाल तसाच राहू दिला.

बर्फातल्या चौक्यांवर हिवाळ्यामागून हिवाळे त्यानं शस्त्रांची निगाच तर राखली होती! थंडीआधी शस्त्र उघडायचं, जुनं तेल पुसायचं, पातळ तेलाचा नुसता हात फिरवायचा, बाकी सारं कोरडं. नव्या जवानांना तो हे शिव्या देऊन शिकवायचा. बायकोला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. दसऱ्यापासून बंदूक खुंटीवर आणि हा बाजेवर. चूल तिची, गोठा तिचा, पूजा तिची. मग चूकही तिचीच. माणूस दुष्ट नव्हता, म्हणूनच त्याचा अधिक संताप येतो.

दवाखान्यातून किसन घरी आला, त्या दिवशी गोकर्णानं नवऱ्याला एवढंच विचारलं, "थंडीत तेल गोठते, हे तुमाले मालूम होतं?"

दौलतनं चुलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात तिला उत्तर मिळालं. ती रडली नाही. आतून मात्र ती त्या माणसापासून कायमची उठून गेली.

मग दौलतनं बंदूक पुसली. गरम पाण्यानं, चिंधीनं, काडीनं, कोपरान् कोपरा, लख्ख, कोरडी. आणि ऐन कडाक्याच्या एका सकाळी, दरीच्या कडेवर उभं राहून, ती वाजवून पाहिली. बार. बार. पुन्हा बार. निर्मळ, निर्दोष, एकामागून एक; आणि दरी प्रत्येक बार परत पाठवत होती.

घरात, घोंगडीखाली, प्रत्येक बारासरशी किसन उरलेला डोळा दोन्ही तळव्यांनी झाकून घेत होता. आणि त्या तळव्यांवर आपले तळवे ठेवून गोकर्णा बसली होती, दाराला आतून कडी लावून.