येशीतली गुणाबाई

नायगाव तालुक्यातल्या त्या गावात गुणाबाईची गोष्ट लहान पोरांनाही पाठ होती. निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकार गावावर चालून आले, तेव्हा ती कुऱ्हाड घेऊन एकटी गावाच्या येशीत, दरवाजातच, उभी राहिली. तेवढ्यात सगळं गाव मागच्या अंगानं ज्वारीत पसार झालं. ती तिथंच लढता लढता मेली, असं सांगत.

यंदा मुक्तिसंग्राम दिनाला येशीत तिचा पुतळा बसवला. पडदा ओढायला सरपंच श्रीमंतरावांनी तिच्या लेकीला, सरजाबाईला बोलावलं. ऐंशी ओलांडलेली म्हातारी नातसुनेच्या, सिंधूच्या, हाताला धरून मंडपात आली. पडदा ओढल्यावर दोन शब्द बोला म्हणून कुणीतरी माईक तिच्यासमोर धरला.

"माय येशीत मेली न्हाई," सरजाबाई म्हणाली. "तिला धरून नेलं. ती सुटून परत आली. तुमच्या आज्या-पंज्यांनी तिला गावात घेतलं न्हाई. बाटली म्हणले."

श्रीमंतरावांनी हळूच माईक काढून घेतला. आजीचं वय झालंय, आठवणीत घोळ होतो, असं लोकांना सांगून त्यांनी पोवाडा सुरू करायला लावला. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर नातवानं, आदर्शनंही तिलाच सुनावलं; गावानं एवढा मान दिला आणि तिनं तो मातीत घातला, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी ती सिंधूला घेऊन ओढ्यापलीकडं गेली. गावानं घेतलं नाही तेव्हा माय ज्या झोपडीत राहिली ती खोपी तिथं होती, तेवढी जागा तरी कुणाला ठाऊक असावी, असं तिला वाटत होतं. पण ओढा सरळ केला होता, जुनी बाभळ तोडली होती आणि बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन उभं होतं. ती बराच वेळ इकडून तिकडं फिरली. मग बांधावर बसली.

"सापडंना," ती म्हणाली.

पणजी कशानं गेली, असं सिंधूनं विचारलं.

"तापानं. हाका मारायची ती. मी पाणी घेऊन निघाले, तर माझ्या आजीनंच वाटेत गाठलं. घागर तिथंच पालथी केली अन् मला घरात कोंडलं. सांजंपातुर हाका ऐकू येत होत्या."

सिंधूनं म्हातारीला उठवलं आणि दोघी चिखलातून घराकडं निघाल्या.