डावरा शिपाई

मी एक फुलदाणी बोलतेय. आता लगेच "अगंबाई, किती सुरेख!" म्हणू नका. मला दोन कान आहेत आणि ते ऐकून ऐकून दोन्ही किटलेत. सध्या मी एका म्हातारीच्या मांडीवर, चालत्या गाडीत आहे आणि माझा जीव नुसता खालीवर होतोय. का, ते सांगते. पोचायला अजून थोडा वेळ आहे.

माझी माती दगडासारखी कडक भाजलेली. ज्या कारखान्यात मी घडले तिथे साठ वर्षांपूर्वी जुन्या ग्रीक भांड्यांसारख्या फुलदाण्या करायचं खूळ निघालं होतं. मालकांनी कुठूनसं चित्रांचं एक पुस्तक आणलं होतं. तांबूस अंगावर काळा रंग, त्यात सुईने कोरलेल्या रेघा. रथ, घोडे, ढाल-भाला घेतलेले शिपाई. ग्रीस कुणीच पाहिलं नव्हतं, मालकांनीसुद्धा!

चित्रं काढायला बायका एका लांब बाकावर खेटून बसायच्या. त्यातली एक अबोल, तिने मला रंगवलं. तिच्या शेजारी बसायची तिची मैत्रीण. तिला सगळे बडबडी म्हणायचे, कारण ती भट्टीशीसुद्धा गप्पा मारायची. माझी बाई जन्माची डावखुरी. पण बाकावर डाव्या हाताला बंदी होती. कोपराला कोपर लागून शेजारणीची रेघ बिघडते, म्हणून मुकादमांनी बजावलं होतं, "उजवा हात चालवायचा, नाहीतर घरी बसायचं." बिचारी उजव्याने काढायची. ती डावखुरी आहे हे फक्त बडबडीला ठाऊक होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाक रिकामा होता. शिपायाचं चित्र उतरवायचा कागदी छापा फाटलेला, आणि माल तर त्याच दिवशी भट्टीत जायचा होता. मग बाईने काय केलं? झाडूचा लांब दांडा उचलला, भाल्यासारखा पेलला आणि एक पाय पुढे टाकून उभी राहिली. हात कुठे वळतो, कोपर कुठे येतं, सगळं नीट बघून घेतलं. मग डाव्या हातात ब्रश धरून अर्ध्या तासात मला रंगवून मोकळी झाली. इतक्या आनंदात तिला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. फक्त एक झालं. दांडा तिने डाव्या हातात धरला होता, म्हणून शिपायाचा भालाही डाव्या हातात गेला.

मला वाळायला तिने बडबडीच्या फळीवर ठेवलं, कारण तिची स्वतःची फळी भरली होती. भट्टीतून निघाले ती थेट बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसमोर. ते पोट धरून हसले. मुकादम लालेलाल झाले. "हा डावरा शिपाई कुणाचा? बडबडी, तुझ्या फळीवरचा ना?"

बडबडीने माझ्या बाईकडे पाहिलं. मुकादमांनीही पाहिलं. "तुझी आहे का?"

बाईच्या घरी तीन महिन्यांची मुलगी होती आणि नवरा अंथरुणाला खिळलेला. "माझी नाही," ती म्हणाली.

बडबडीने तोंडातून ब्र काढला नाही. दिवस मावळायच्या आत तिला कामावरून काढून टाकलं. एवढं मोठं तोंड असून मला ओरडता आलं नाही, हो! तेव्हापासून मला क्षणाची स्वस्थता नाही.

पुढे मी कचेरीत छत्र्या सांभाळल्या. मग एका कारकुनाच्या घरी माझ्यात मुलांनी गोट्या भरल्या. मग भंगारवाला. आणि मग म्हणे आमचा जमाना आला. एका दातांच्या डॉक्टरांनी मला उचललं. त्यांना आमच्या कारखान्याच्या भांड्यांचं भयंकर वेड. रोज मऊ फडक्याने पुसायचे. पाहुणे यायचे, डोळे बारीक करून म्हणायचे, "डावा हात! काय खोल विचार केलाय कलावंताने!" कसला विचार आणि कसलं काय. मला हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरांनी चित्रकाराचा छडाच लावायचं ठरवलं. शोधत शोधत एका बाईपर्यंत पोचले. तिची आई त्या कारखान्यात होती. काल सकाळी मायलेकी आल्या. मुलगी साठीची. आणि आई... मी लगेच ओळखलं.

"आजी, ही तुमची का?" डॉक्टरांनी विचारलं.

म्हातारीने मला पाहिलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "नाही बाबा." दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथे चौकटीला धरून थांबली. मग वळली. "माझीच आहे. त्या दिवशी खोटं बोलले, आजही बोलले." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर हरखून फोटो काढायला धावले. "फोटो नको," ती म्हणाली. "उद्या एका दिवसापुरती मला ही द्या. एका घरी न्यायची आहे."

"आई, आता कशाला?" मुलगी म्हणाली. "साठ वर्षं झाली. तिचा पत्ता तरी आहे का?"

"आहे. पहिल्यापासून आहे. म्हणून तर त्या गल्लीने कधी गेले नाही."

डॉक्टरांचा जीव माझ्यात अडकलेला. "मीच गाडी चालवतो," म्हणाले, आणि आज बैलगाडीच्या चालीने चालवतायत.

थांबलो वाटतं. हो, थांबलोच. तीन पायऱ्या, हिरवं दार. म्हातारीने घंटी दाबली. आत कुणाच्या तरी चपला वाजतायत. डॉक्टर मागून पुटपुटतायत, "जपून, जपून धरा."

अहो, मला कशाला जपता? इतके दिवस पुसून पुसून जपलंतच की. देवा, त्या चपला बडबडीच्याच असू देत. तिने मला हिसकावून या पायरीवर आपटलं तरी माझी तक्रार नाही. पण आधी म्हातारीचं बोलणं पुरं होऊ दे.

कडी सरकली. मी आता गप्प बसते. बोलायची पाळी तिची आहे.