चार वाजता उठणारं मांजर

माझी आत्या लहान मुलांचे कपडे शिवून ऑनलाइन विकते. हात इतका सफाईदार की झबलं उलटं घातलं तरी कळायचं नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र तिचा एकच नियम: काही विचारलं की ‘नंतर’ दाबायचं. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कधीतरी वैतागून सांगितलेलं. काका गेले, नियम राहिला.

त्याचं फळ परवा मिळालं. तिच्या दुकानाच्या नावाने गिऱ्हाइकांना जुगाराच्या जाहिराती जायला लागल्या. विक्रीच्या साइटने कळवलं, संध्याकाळपर्यंत साफसफाई करा, नाहीतर दुकान बंद. आत्याने मला बोलावलं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. परक्यांकडून पैसे घेते, घरच्यांची बोलणी खाते.

ब्राउझर उघडला आणि कपाळाला हात लावला. प्लगिनांची, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची, ही भाऊगर्दी! निम्मी तिला ठाऊकही नव्हती. ती उडवली, कामाची अपडेट केली, पासवर्ड बदलले. राहिलं एक मांजर, तेही प्लगिनच. ते पडद्याच्या कोपऱ्यात झोपलेलं असायचं आणि चार वाजले की उठून आळस द्यायचं.

“याला अपडेटच नाही, आत्या. बनवणाऱ्याने कधीच वाऱ्यावर सोडलंय. चोर इथूनच शिरले.”

“ते राहू दे.”

“अगं, दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी!”

“राहू दे म्हटलं ना! काकांनी बसवलंय ते. पडद्यावर नमुना लावून शिवायला बसले की मी उठतच नाही, पाठ धरते, म्हणून.”

मला वाईट वाटलं आणि रागही आला. काकांवर, मांजरावर, सगळ्यांवरच. पण समोर शिवून ठेवलेल्या कपड्यांचा ढीग होता.

आत्याने त्या ढिगाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि माझ्या हातातला माऊस ओढून घेतला. “सरक. मीच काढते.”

पडद्याने विचारलं, नक्की काढायचं? ती सवयीने ‘नंतर’ शोधायला लागली. ते तिथे नव्हतं. तिने ‘हो’ दाबलं.

संध्याकाळी साइटचा निरोप आला, दुकान चालू राहील. आत्या लगेच नव्या फ्रॉकला बसली.

दुसऱ्या दिवशी मी कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसले होते. फोन वाजला.

“काय गं आत्या, पुन्हा काही झालं?”

“काही नाही. चार वाजलेत. मी उठलेय, तूही ऊठ. पाठ सरळ कर.”

‘नंतर’ म्हणणार होते. जीभ चावली आणि उठले.